रिमवरचे शिसे, टायरमधल्या गोळ्या

आमच्या घरगाडीची सहाही चाके आज उत्तम तोलात आहेत. आतल्या छोट्या ओट्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवून मी ती नांदेडच्या बाह्यवळणावर चांगल्या वेगाने नेली आहे, आणि ओटा कोरडा राहिला आहे. हे मी फुशारकीने सांगत नाही. ज्यांच्या पाठीसाठी ही गाडी घेतली आणि ज्यांच्या पाठीसाठी ती चाके तोलायची होती, त्या माझ्या वैनी आता तिच्यात पाऊल ठेवत नाहीत. लातूरला माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, घरामागे, पत्र्याखाली, ती उभी असते. मी गेलो की बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन थोडा वेळ सुरू ठेवतो. वैनी आतल्या खोलीत पडल्या पडल्या तो आवाज ऐकतात.

मणक्याचे ऑपरेशन झाल्यापासून वैनींना उभे राहता येते, घरातल्या घरात चालता येते, आडवे पडता येते. बसता मात्र येत नाही. बसले की थोड्याच वेळात कंबरेपासून टाचेपर्यंत कळ उतरते. त्यांचे माहेर इस्लापूरचे, नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, सहस्रकुंडाच्या अलीकडे. तिथल्या घरात त्यांचे थोरले बंधू एकटेच उरले होते, आणि पोळा झाला की मुलगा त्यांना हैदराबादला नेणार होता. घर दुसऱ्या कोणाला द्यायचे ठरले होते. वैनींना त्याआधी तिथे एक रात्र काढायची होती. पुराच्या दिवसांत रात्री अंगणात बाज टाकून पडले की पैनगंगेच्या धबधब्याचा आवाज येतो, असे त्या सांगत. लग्न होऊन लातूरला आल्या तेव्हा कित्येक दिवस इथल्या शांततेने त्यांना झोप लागत नव्हती, हेही सांगत. लातूर काही पाण्याच्या आवाजासाठी प्रसिद्ध नाही.

रेल्वेचे जिने आणि गाड्या बदलणे त्यांना झेपणारे नव्हते. ॲम्ब्युलन्स भाड्याने मिळत होती, पण ती गोष्ट वैनींनी एका वाक्यात संपवली. "माहेरी ॲम्ब्युलन्समधून उतरू? अख्खं गाव रडायला गोळा होईल." म्हणून अण्णांनी आणि मी मिळून एक जुनी मिनीबस घेतली, मागच्या बाजूला आडवा पलंग बसवून घेतला, पाण्याची टाकी, ओटा आणि एक लहानसे संडास केले. लोक तिला कोणी फिरता दवाखाना समजत, कोणी प्रचाराची गाडी. आम्ही घरगाडी म्हणू लागलो.

गाडी सर्व बाबतींत चांगली निघाली. एकच खोड होती. वेग साठाच्या पुढे गेला की ती थरथरायची. स्टिअरिंग हातात बारीक कापायचे, आणि तो कंप फरशीतून मागे जाऊन नेमका पलंगाच्या फळीत शिरायचा. निरोगी माणसाला बसल्या जागी तो जाणवलाही नसता. मी पलंगावर पडून पाहिले तेव्हा दातांत जाणवला. वैनींच्या मणक्यात काय होईल हे वेगळे सांगायला नको होते. चाके तोलून घ्यायला हवीत, यावर अण्णांचे आणि माझे पूर्ण एकमत झाले. कशी, यावर झाले नाही.

इथे आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे धाकट्याने थोरल्याच्या तोंडावर नाही म्हणायचे नसते. आणि थोरल्याने धाकट्याच्या कामातली खोट त्याला दाखवायची नसते. ती गुपचूप दुरुस्त करायची असते. वडिलांनी हे आम्हाला शिकवले असे म्हणता येणार नाही. ते स्वतः त्यांच्या थोरल्या भावाशी असेच वागत, आणि आम्ही ते पाहत वाढलो. नाही या शब्दाच्या जागी आमच्या घरात बघू हा शब्द आहे. बाहेरचा माणूस त्याचा अर्थ विचार करू असा घेतो. आम्हाला ठाऊक असते की आता तू तुझे कर, मी माझे करतो.

अण्णा लातूरच्या मोंढ्यात आडत चालवतात. माझ्याहून बरेच मोठे आहेत. सकाळी कपाळावर विभूती लावून दुकानात बसतात ते संध्याकाळपर्यंत तूर आणि सोयाबीनच्या ढिगांतून मान वर काढत नाहीत. मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. एका रात्री लातूरला जेवताना मी चाकांचा विषय काढला आणि, आता आठवले की कानकोंडे वाटते, ताटातली भाकरी हातात फिरवत वर्गात शिकवतात तसे शिकवू लागलो. म्हणालो की चाक काढून यंत्रावर चढवतात, यंत्र ते फिरवते, कुठे हलके पडते ते दाखवते, आणि नेमक्या त्या जागी रिमच्या कडेला शिशाचे तुकडे ठोकतात. मोजून केलेले काम आहे. एक रीत अशीही आहे की चाक न काढता गाडीवरच फिरवून तोलतात, पण ते यंत्र आपल्या भागात मिळणे कठीण.

अण्णांनी मोबाइलवर दुसरेच काही पाहून ठेवले होते. टायरच्या आत मोहरीएवढ्या काचेच्या गोळ्या ओतायच्या. चाक वेगाने फिरू लागले की त्या आतल्या आत सरकतात आणि जिथे वजन कमी आहे तिथे जाऊन बसतात. ट्रकवाले वापरतात. शिसे एकदा ठोकले की ठोकले. टायर झिजत गेला की त्याचा हिशेब चुकतो. गोळ्या दर वेळी आपली जागा नव्याने शोधतात.

"काट्यावर माझा जन्म गेला," अण्णा म्हणाले. "काटा सकाळी एक सांगतो, दुपारी एक. गोळ्यांना अक्कल असती बघा, मास्तर. जिथं कमी हाय तिथं जाऊन बसत्यात. माणसांवानी न्हाई."

मास्तर हा शब्द ते प्रेमानेच वापरतात, पण त्यात एक बारीक चिमटा असतो. त्या पद्धतीत तत्त्वतः काही चूक नाही, हे मला तेव्हाही कळत होते. तसे म्हणायला काय हरकत होती? पण मोहरीच्या दाण्यांवर वैनींची पाठ सोपवायची, हे मला पटत नव्हते. आणि खरे सांगायचे तर, मोबाइलवर पाहून आलेल्या आडत्याने पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला चाक कसे फिरते ते सांगावे, हे अधिक पटत नव्हते. मी म्हणालो, "बघू, अण्णा."

अण्णा म्हणाले, "हाव, बघू."

वैनी पलंगावर पडून सगळे ऐकत होत्या. "दोघं बघायलाव म्हणल्यावर," त्या म्हणाल्या, "माझं कसं व्हायचं?"

आम्ही हसलो. तेव्हा तो विनोद होता.

पुढच्याच आठवड्यात मी गाडी नांदेडला आणली आणि मोठी चाके घेणाऱ्या एका दुकानात सहाही चाके यंत्रावर तोलून घेतली. रिमच्या कडेला शिशाचे राखाडी तुकडे बसले. गाडी सुरेख चालू लागली. थरथर गेली असे म्हणण्याइतकी कमी झाली. मी ती लातूरला नेऊन लावली, अण्णांना म्हणालो की काम झाले, आणि परतलो. कोणते काम झाले हे त्यांनी विचारले नाही. रिमवर शिसे दिसतच होते.

त्यानंतर अण्णांनी काय केले ते मला फार उशिरा कळले, पण सांगण्याच्या ओघात इथेच सांगतो, कारण वाचणाऱ्याला कोड्यात ठेवण्याची माझी इच्छा नाही. त्यांनी लातुरात टायर उघडवून सहाही चाकांत त्या गोळ्या भरून घेतल्या. दुकानदाराने रिमवरचे शिसे काढू का, असे विचारले होते. अण्णा त्याला म्हणाले, राहू दे. धाकट्याने मन लावून करून घेतलंय, आल्यावर दिसलं न्हाई तर त्याला वाईट वाटंल.

तर असे. माझे मन राखण्यासाठी त्यांनी शिसे ठेवले. आणि मला न दुखावता माझी चूक सुधारावी म्हणून त्यावर गोळ्या भरल्या. यात दुष्टावा कुठे आहे? मी पुष्कळ शोधला. सापडला असता तर बरे झाले असते.

आषाढात मी लातूरला गेलो तेव्हा आम्ही वैनींना गाडीत निजवून चाकूरपर्यंत सहज एक फेरी मारून आणली. त्यांना सवय व्हावी म्हणून. शहरातून हळूहळू जात असताना मागून त्यांचा आवाज आला. "भावजी, खालून पाखडल्यावानी आवाज येतोय. सुपात ज्वारी पाखडावी तसा."

मी म्हणालो की पाण्याची टाकी असेल. अण्णा माझ्या शेजारी बसले होते. तेही म्हणाले, टाकीच असंल. वेग वाढला तसा तो आवाज थांबला. परतीला गाव लागल्यावर वैनी पुन्हा म्हणाल्या की पाखडणे सुरू झाले. मी पुन्हा टाकीचेच नाव घेतले. चाकांच्या बरोबर वर, फळीला कान लावून, त्या एकट्याच झोपलेल्या होत्या. आम्हा दोघांपैकी एकालाही उतरून खाली वाकावेसे वाटले नाही. अण्णांना ठाऊक होते म्हणून, आणि मला ठाऊक करून घ्यायचे नव्हते म्हणून.

त्या फेरीत मला पुन्हा थोडा कंप जाणवला, म्हणून जाण्याआधी एकदा तपासून घ्यावे असे ठरवून मी गाडी नांदेडला नेली. त्याच दुकानात चाक यंत्रावर चढले. पहिल्यांदा फिरवले तेव्हा यंत्राने एक आकडा दाखवला. शिसे ठोकून पुन्हा फिरवले तर दुसराच, तोही दुसऱ्या जागी. पुन्हा फिरवले, पुन्हा वेगळा. दुकानदार म्हणाला की रिम वाकलेली असेल. दुसऱ्या चाकाचेही तेच झाले. त्याला घाई होती, बाहेर गाड्या उभ्या होत्या. त्याने मला विचारले, शेवटचा आकडा धरून ठोकू का?

मला संशय आला होता का, हा प्रश्न मी स्वतःला त्यानंतर इतक्या वेळा विचारला आहे की त्याचे उत्तर आता झिजून गेले आहे. आला होता, असेच म्हणावे लागेल. प्रत्येक फेऱ्याला वजनाची जागा बदलते याचा अर्थ आत काहीतरी सुटे आहे. माझ्या वर्गातल्या मुलाने हे ओळखले नसते तर मी त्याला गुण दिले नसते. विचार आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला की मग अण्णांना फोन करून विचारावे लागेल. विचारायचे म्हणजे, तुम्ही मला न सांगता काही केले आहे का, असे थोरल्या भावाला म्हणायचे. मी त्या दुसऱ्या विचारापाशी थांबलो आणि पहिल्याकडे परत गेलोच नाही. दुकानदाराला म्हणालो, ठोका.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात आम्ही निघालो. पाऊस लागून राहिला होता. लातूरला घरामागे तेव्हा पत्रा नव्हता, गाडी कित्येक दिवस भिजत उभी होती आणि अधूनमधून कोणत्या ना कोणत्या पंपावर तिच्यात हवा भरली गेली होती. लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला येईपर्यंत ट्रक आणि चिखल यांनी वेग कधी वाढूच दिला नाही. वैनी प्रसन्न होत्या. खिडकीतून आभाळ दिसते, एवढ्याचाही त्यांना आनंद होता. चाकूर ओलांडताना त्या म्हणाल्या, "आता पाखडणं थांबलं बघा, भावजी."

मी तो शुभशकुन मानला.

रात्र माझ्या घरी काढून सकाळी आम्ही भोकरच्या रस्त्याला लागलो. पत्नीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. वैनींनी बंधूंना फोन करून सांगितले की जेवायला थांब, पण माझ्यासाठी काही करू नको, तू केलेलं पिठलं मला ठाऊक हाय. फोनवर ते दोघे कितीतरी वेळ हसत होते.

नांदेड सोडल्यावर भोकरकडे जाणारा तो रस्ता नवा आणि सिमेंटचा आहे. आमच्या जिल्ह्यात इतका सपाट रस्ता दुसरा मला माहीत नाही. वाहतूक तुरळक होती. मी वेग वाढवला आणि गाडी थरथरू लागली. ही पूर्वीची थरथर नव्हती. स्टिअरिंग माझ्या मनगटांना हिसके देत होते. ओट्यावरचा डबा सरकत सरकत कडेला आला आणि अण्णांनी तो उठून मांडीवर घेतला. मागे पलंगाची फळी एकसारखी वाजत होती.

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी समोर पाहत होतो.

"रस्ता खराब हाय," अण्णा म्हणाले.

"हाव, अण्णा," मी म्हणालो. "रस्ताच."

समोर तो रस्ता पाटीसारखा सपाट पसरला होता.

आता मला जे लिहायचे आहे ते थोडेच आहे, पण तेवढेच खरे आहे. हळू चालवली असती तर गाडी थरथरली नसती. चाळिसाच्या वेगाने आम्ही दुपार कलायच्या आत इस्लापूरला पोचलो असतो आणि वैनींना काही झाले नसते. मला ते कळत होते. अण्णांनाही कळत होते. उपाय माझ्या उजव्या पायाखाली होता. पण मी वेग कमी केला असता तर ते, चाके बिघडली आहेत, असे म्हणणे झाले असते. माझे शिसे चुकले असे तरी, किंवा तुम्ही काहीतरी केले आहे असे तरी. अण्णांनी हळू घे म्हटले असते तर तेही तेच झाले असते. म्हणून ते डबा मांडीवर धरून बसले आणि मी पाय तसाच ठेवला. दोघेही एकमेकांचा मान राखत होतो.

वैनी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी थांबलो असतो. भोकर जवळ आले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, अगदी हलका. त्या अण्णांना म्हणत होत्या की जरा थांबवायला सांगा. मला ऐकू येत होते, तरी मला नाही, नवऱ्याकरवी सांगवत होत्या. तीही आमच्याच घराची रीत.

मी थांबवून मागे गेलो. त्यांनी पलंगाची लोखंडी कड दोन्ही हातांनी धरली होती आणि ती बोटे सोडवता येत नव्हती. कुशीवर वळता येत नव्हते. उजव्या पायाची जाणीव गेली होती.

भोकरला एका डॉक्टरांनी गाडीत चढून इंजेक्शन दिले आणि लातूरच्या सर्जनला फोन केला. मग बाहेर येऊन आम्हाला म्हणाले की पुढे नेऊ नका, परत न्या, आणि अगदी हळू न्या. अण्णांनी मान डोलावली. मी मान डोलावली. दवाखान्यासमोर कडुनिंबाखाली गाडी उभी होती आणि फोन वाजला. वैनींचे बंधू विचारत होते की कुठवर आलाव. अण्णांनी फोन वैनींच्या कानाशी धरला.

"दादा, मी येत न्हाई," वैनी म्हणाल्या. "भोकरातच हाय." पलीकडून ते बहुधा म्हणाले की मी येतो तिकडे, कारण वैनी म्हणाल्या, "तुला बघायला न्हाई यायलते मी. तू काय, लातूरला येशील. घर बघायला यायलते." मग थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या. "न्हाई," त्या म्हणाल्या, "कुणाचं काही चुकलं न्हाई. रस्ता खराब हाय."

मी तेव्हा पायरीवर उभा होतो. अण्णा फोन धरून होते. बोलणे संपल्यावर त्यांनी तो खिशात घातला.

परतताना मी इतक्या हळू आलो की सायकलवाले आम्हाला ओलांडून जात होते. गाडी डुलतही नव्हती. लातूरपर्यंतचा तो सबंध रस्ता तिने सिद्ध करून दाखवले की हे जमण्यासारखे होते.

पायाची जाणीव पुढे थोडी परत आली. चालणे पहिल्यासारखे झाले नाही. पोळा झाल्यावर बंधू हैदराबादला जाता जाता लातूरला येऊन भेटून गेले. ते गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी अण्णा मला फोनवर म्हणाले की ये, चाकं एकदा खोलून बघू. यातला बघू हा शब्द पहिल्यांदाच त्याच्या खऱ्या अर्थाने वापरला गेला होता.

लातुरातल्या दुकानात पहिला टायर रिमवरून सुटला आणि आतून भिजलेल्या साबुदाण्यासारखा एक गोळा दिसला. पावसाळ्यात पंपाच्या हवेबरोबर पाणी आत गेले होते. गोळ्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या आणि टायरच्या एकाच जागी लाडू होऊन बसल्या होत्या. बाहेर रिमवर माझे शिसे होते, पहिल्या वेळचे आणि दुसऱ्या वेळचे, एकमेकांना न जुमानणारे. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर होत्या. एकाच चाकात त्यांनी एकमेकींशी काय केले असेल ते सांगायला यंत्र लागत नव्हते.

तिथे उभ्या उभ्या अण्णांनी मला गोळ्यांचे आणि शिसे न काढल्याचे सांगितले. मी त्यांना यंत्राच्या बदलत्या आकड्यांचे सांगितले. दोघांनीही एकमेकांकडे न पाहता, टायरकडे पाहत सांगितले. मग दुकानदाराने विचारले की आता काय करायचे, गोळ्या नव्या टाकायच्या की शिसे लावायचे.

अण्णा म्हणाले, "यांना विचार."

मी म्हणालो, "अण्णा सांगतील तसं."

तो बिचारा एकदा अण्णांकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिला. एवढे सगळे होऊनही आम्हाला ते जमले नाही. शेवटी त्यानेच, ओल्या दिवसांत शिसे बरे, असे म्हणून टायर धुऊन कोरडे केले, आणि आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास टाकला.

त्यानंतरच गाडी तशी चालू लागली जशी ती पहिल्या दिवसापासून चालायला हवी होती. मी पेला ठेवून पाहिले ते तेव्हा. वैनींना मी सांगितले की आता बिलकुल हलत नाही, आपण हळूच जाऊन येऊ, घर बाहेरून तरी बघता येईल. त्या छताकडे पाहत होत्या.

"हलत न्हाई तर मग तुम्ही दोघं जाऊन या," त्या म्हणाल्या. "मी हितं बरी हाय."

त्यात राग असता तर सोसले असते. राग नव्हता. त्या आम्हाला जायला सांगत होत्या म्हणून आम्ही गेलो. नवरात्राच्या थोडे आधीची गोष्ट. मागे पलंग रिकामा होता आणि त्यावरची चादर इस्त्री केल्यासारखी होती. नांदेड मागे पडले आणि भोकरचा तोच सिमेंटचा सपाट रस्ता लागला. मग अण्णा समोर पाहत म्हणाले, "मागच्या येळेसबी रस्ता असाच होता."

"हाव, अण्णा," मी म्हणालो. "असाच होता."

"मी खामखा बोललो."

"मीही हाव म्हणालो."

एवढेच. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना याहून खरे काही सांगितले नव्हते, आणि ते सांगून कोणाचाही काही फायदा झाला नाही.

इस्लापूरला त्या घराला दुसऱ्याच कोणाचे कुलूप होते. कुंपणाच्या आत चिखल होता. अण्णा खाली उतरले, फाटकाला हात लावून उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. शेजारच्या बाईने कोण तुम्ही म्हणून विचारले तेव्हा अण्णांनी ह्या घरचा जावई, असे सांगितले. पाऊस पुन्हा भुरभुरू लागला आणि आम्ही गाडीत येऊन बसलो.

लातूरला पोचलो तेव्हा वैनी जाग्या होत्या. घर कसे आहे, कोणी घेतले, हे त्यांनी विचारले नाही. विचारले ते एवढेच, "अंगणातून पाण्याचा आवाज येतो का अजून?"

"येतो की," अण्णा लगेच म्हणाले. "चांगला येतो."

वैनींनी माझ्याकडे पाहिले. अण्णाही पाहत होते, आणि त्यांच्या नजरेत जे मागणे होते ते मी जन्मभर ओळखतो. हाव म्हणायचे होते. बायकोच्या समाधानासाठी थोरल्या भावाने टाकलेला शब्द धाकट्याने उचलून धरायचा होता. आमच्या घरात याला खोटे म्हणत नाहीत.

"वैनी, आम्ही गाडी बंदच केली नव्हती," मी म्हणालो. "इंजिन चालू होतं. काही ऐकू आलं न्हाई."

अण्णा उठून बाहेर गेले. वैनींनी उशी जरा खाली घ्यायला सांगितली. मी ती घेतली. त्यांनी भिंतीकडे तोंड केले.